बी चॅनेलवरचा पाळणा

५ जानेवारी २००८, शनिवार
मि.चा फोन. न्यू जर्सीत बर्फ, इथे ऊन. दोन्हीकडचं हवामान बोलून झाल्यावर नवरोजी मुद्द्यावर आले. बेबी मॉनिटर घ्यायचा तर कोणता, नुसता आवाजाचा की चित्राचा? म्हटलं, तुझ्या मुलाचा आवाज कोथरूड डेपोपर्यंत जातो, त्याला यंत्र नको. चित्र हवं.
११ फेब्रुवारीला ऑफिसात रुजू व्हायचं. तोवर दुपारी घरूनच लंडनचा कॉल. मी पुढच्या खोलीत कानात हेडफोन घालून, सम्यक आत पाळण्यात. सासूबाई त्याच्यासाठी अकोल्याहून आल्यात खऱ्या, पण त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. सारखं उठून बघा म्हणायला जीभ रेटत नाही. मी ऑफिसला जायला लागले की त्याच एकट्या. यंत्र असलं तर खुर्चीत बसून लक्ष ठेवता येईल.
मि.ने चार मॉडेलांच्या लिंका पाठवल्यात. लोकांच्या तक्रारी वाचत बसले. सॉफ्टवेअर टेस्टरची जात, दुसरं काय! एकीने लिहिलंय, हे घेऊ नका, मला माझ्या बाळाऐवजी शेजारणीचं बाळ दिसतं. मि.ला वाचून दाखवलं. तो खूप हसला. "अगं, तिथे घरोघर असतात म्हणून. कर्वेनगरात कोणाकडे असणार? घे बिनधास्त."
पटलं.

८ जाने., मंगळ
मॉडेल ठरलं. त्यात डिजिटल म्हणून एक नवा प्रकार आलाय, त्याचं चित्र बाहेरच्या कोणाला पकडता येत नाही म्हणे. महाग आहे. मि. म्हणाला, आपल्याला काय लपवायचंय? म्हणून साधाच घेतोय. त्याच्या टीममधला एकजण शुक्रवारी येतोय, बॅगेत टाकून आणेल.
जिन्यात देवस्थळी काकू भेटल्या. आमच्या अगदी डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहतात. एकट्याच. मुलगा-सून अमेरिकेत. गेल्या वर्षी आई (सा.बा.) किल्ली आत विसरून तासभर जिन्यात बसल्या होत्या, तेव्हापासून आमची एक किल्ली काकूंकडे खिळ्याला असते.
"बाळ काय म्हणतंय?"
"म्हणत काही नाही काकू, ओरडतं."
"ओरडू दे हो. गप्प असलं की बघायचं असतं."
आणि वर गेल्या. पुणेरी खवचटपणा समजून मी हसले. आता लिहिताना आठवतंय, त्या हसत नव्हत्या.

१२ जाने., शनि
यंत्र आलं! छोटा काळा-पांढरा टीव्ही, एरियलसकट, आणि मुठीएवढा कॅमेरा. खोक्यावर गोरं गोरं बाळ. आई म्हणाल्या, "आपलं काळं दिसेन काय यात?"
पिन लावणार एवढ्यात मागची चिठ्ठी दिसली. एकशे दहा व्होल्ट. म्हणजे तिकडची वीज. घरात दोन इंजिनियर, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही. बुधवार पेठेत जाऊन ट्रान्सफॉर्मर आणला. दुकानदार मान वर न करता म्हणाला, "अमेरिकेचं ना? सगळे आधी जाळतात, मग येतात. तुम्ही नाही जाळलंत, अभिनंदन. कुठून आलात, कर्वेनगर? तिकडचीच जास्त असतात."

१४ जाने., सोम
चालतंय. कॅमेऱ्याला आणि टीव्हीला, दोन्हीकडे एक बारीक खटका: ए आणि बी. दोन्ही ए वर ठेवले की चित्र येतं. कॉल चालू असताना शेजारी टीव्ही ठेवला. करड्या रंगात सम्या झोपलेला, मूठ गालाशी. आपलंच पोर असं वरून, आवाज न करता बघायचं म्हणजे विचित्र वाटतं. परक्याच्या घरात डोकावल्यासारखं. तरी नजर हलत नव्हती. लंडनवाल्याने दोनदा हाक मारली तेव्हा भानावर आले.
गच्चीवर वाळत घातलेलं झबलं हरवलं. माझ्या मम्मीच्या जुन्या सुती साडीचं, निळ्या काठाचं, मी हाताने शिवलेलं. एक बाही लांब झाली होती. खाली कंपाउंडमध्ये, पार्किंगमध्ये सगळीकडे बघितलं. नाही. जीव हळहळला. बाकी दहा हरवली असती तरी चाललं असतं.

१५ जाने., मंगळ
भाजीवाल्याजवळ काकू. "एकाच कुशीवर झोपवता हो त्याला. डोकं डावीकडून चपटं व्हायला लागलंय. दुपट्याची गुंडाळी लावा त्या बाजूला."
घरी येऊन बघितलं. खरंच की. आजीबायांची नजर!
जाताना म्हणाल्या, संक्रांतीचं सम्यकचं बोरन्हाण करायचं का? काळं झबलं, हलव्याचे दागिने सगळं आहे त्यांच्याकडे, आणून ठेवलेलं. मी चाचरले. शेजारी आई उभ्या, घरी भांडीवाल्या शोभाताईंना सम्याजवळ बसवून आलेल्या. त्यांनी चटकन सांगून टाकलं, "आम्ही ते सगळं सोडलं बाई. छप्पन्न सालीच." काकू "बरं" म्हणाल्या. एवढंच. पिशवी उचलून निघाल्या.
घरी येऊन आईंना म्हटलं, जरा गोड बोलून सांगता आलं असतं. "खरं ते सांगितलं. गोड काहून लागते त्याला?" शाळेत तीस वर्षं शिकवलेल्या बाईशी कोण वाद घालणार.

१६ जाने., बुध
आधी लिहून काढते.
दुपार. कॉल सुरू. आईंनी धूळ झटकता झटकता टीव्हीवरून फडकं फिरवलं. मी सहज बघितलं तर पाळणा रिकामा. रिकामा, आणि हलतोय. संथ, एका लयीत, कोणीतरी दोरी धरून असल्यासारखा. आत नुसती चादर.
हेडफोन तसाच ओढून फेकला. खुर्ची पडली. आतल्या खोलीत गेले तर सम्या पाळण्यात गाढ झोपलेला. पाळणा स्थिर. खोलीत कोणी नाही.
त्याला उचललं. छातीशी धरून बाहेर आले. टीव्हीवर अजून तोच रिकामा पाळणा. अजून हलत होता.
आईंनी दोन्हीकडे बघितलं. मग टीव्ही आडवा केला आणि म्हणाल्या, "हे बटन बी वर आहे."
फडक्याने सरकलं होतं. ए वर केलं तसा आमचा पाळणा आला, सम्या माझ्याकडे असल्याने खरोखरच रिकामा. बी वर केलं, तो दुसरा. हलणारा.
लंडनवाल्याला सांगितलं, लाइन गेली होती.

१७ जाने., गुरु
दिवसाउजेडी विचार केला की भीती जाते. म्हणजे जवळजवळ जाते.
आमचा कॅमेरा ए वर. जवळपास कोणाकडे तरी असंच यंत्र आहे आणि त्याचा कॅमेरा बी वर. बस, इतकंच. ती अमेरिकेतली बाई खरं लिहीत होती. कर्वेनगरात कोणाकडे असणार, म्हणे! या बिल्डिंगमध्ये एक घर दाखव, जिथल्या कपाटावर विमानाचे टॅग लावलेली बॅग नाही.
पण रिकाम्या पाळण्यावर कॅमेरा कोण लावेल? आणि रिकामा पाळणा कोण हलवेल? आईंसारख्या कशावर विश्वास न ठेवणाऱ्या बाईसुद्धा रिकाम्या पाळण्याचा झोका हाताने थांबवतात. विचारलं तर म्हणाल्या, "सवय आहे."

१९ जाने., शनि
बघणार नव्हते. बघितलं.
आज आवाजही वाढवला. खरखरीत कोणीतरी गुणगुणतंय. अंगाईच, पण शब्द लागत नव्हते. मग खरखर एकदम गेली आणि स्वच्छ ऐकू आलं, "नीज रे सम्यक, नीज आता."
आवाज ओळखला. देवस्थळी काकू.
शोभाताई आमच्याकडे आणि काकूंकडे दोन्हीकडे भांडी घासतात. त्यांना विचारलं, काकूंकडे पाळणा आहे? त्यांनी नळ बंद केला. "ताई, तुमाला ठावं नाय? त्यांचा नातू आलता की इथं, चार महिन्यांचा. ईशान नाव. म्होप दिस राहिला. मग गेले अमेरिकेला परत. तिकडं आठव्या महिन्यात झोपला दुपारचा, तो उठलाच नाय. काय आजार नाय, काय नाय. काकूनला फोन आला. जायला बी नाय मिळालं त्यांना." मग नळ सोडला. "तुमचं बाळ पोटात होतं तेव्हा. म्हणून कोन बोललं नसंल तुमच्याफुडं."
आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी कशी बोलली त्यांना त्या दिवशी. छप्पन्न साल काढलं."
मला काकूंची दया आली. आणि त्याच वेळी वाटलं, माझ्या मुलाचं नाव त्या पाळण्यात घेऊ नका. दोन्ही खरं आहे.

२२ जाने., मंगळ
हे मि.ला सांगितलेलं नाही.
बी वर पाळण्याभोवती आज कायतरी चाललेलं. दोन हात. पाळण्यात छोटे छोटे पांढरे दागिने मांडले. मुकुट, हार, वाळे. हलव्याचे. मग एका वाटीतून त्यावर ओतलं. चुरमुरे, बोरं, आणखी काहीबाही. चादरीवर पडतानाचा आवाज यंत्रातून आला, बारीक टपटप. बोरन्हाणात पोरं ओरडत येतात आणि वेचतात. इथे कोणी आलं नाही. बोरं जिथे पडली तिथेच. मग तेच हात एकेक बोर वेचायला लागले.
दागिन्यांखाली एक झबलं पसरलेलं होतं. चित्राला रंग नाही, काठ निळा की कसला ते कळायला मार्ग नाही. पण एक बाही लांब आहे.

२३ जाने., बुध
रडू येतंय आणि राग येतोय. वर जाऊन सरळ मागता आलं असतं, काकू, आमचं झबलं चुकून तुमच्याकडे आलंय का. दहा वेळा मनात म्हटलं. त्या बोरांच्या आवाजानंतर कसं मागू?
आणि कपडे घड्या घालताना एकदम लख्ख झालं. डोकं चपटं होतंय, डावीकडून. बाहेर नेताना सम्याच्या डोक्यावर कायम टोपडं असतं. आठवडाभर तर त्याला सर्दी म्हणून बाहेर काढलाही नव्हता. काकूंनी त्याचं डोकं बघितलं कुठे?
बी वर आम्हाला त्या दिसतात, तर ए वर त्यांना आम्ही दिसतो. आमचा खटका चुकून सरकला. त्यांचा टीव्ही त्यांच्या कॅमेऱ्याबरोबर बी वर असायला हवा. तो ए वर आहे. असा रोज, बरोबर दुपारी, चुकून सरकत नाही.
कॅमेऱ्यावर लंगोट टाकला. पाच मिनिटांनी काढला, कारण लंगोट टाकला की मलाही दिसत नाही.

२५ जाने., शुक्र
दुपारी कॅमेरा बंद ठेवून बघितला. कॉलमध्ये तीनदा उठले. बॉस म्हणाला, आर यू ऑलराइट? चौथ्यांदा उठण्यापेक्षा पिन लावली.
आई म्हणतात, "बघू दे तिला. बघून काय कमी होते आपलं?" बघून काय कमी होतं हे मला सांगता येत नाही. पण होतं. मी त्याला पाजते तेव्हा आता भिंतीकडे तोंड करते.

२९ जाने., मंगळ
कॉल. आई आंघोळीला. टीव्हीचा आवाज बंद ठेवला होता, माझं प्रेझेंटेशन होतं आज, डोळे लॅपटॉपवर, पाठ दाराकडे. एकदा सवयीने टीव्हीकडे वळले.
आमच्या खोलीत बाई उभी. पाठमोरी. पाळण्यावर वाकलेली. ती सरळ झाली तेव्हा तिच्या हातात सम्या होता.
खटका बघितला. ए. आमची खोली.
कशी पोचले आठवत नाही. काकू होत्या. धापा टाकत होत्या, पदर सुटलेला, पायात चप्पल नाही. त्यांच्या खांद्यावर सम्या, लालबुंद. आणि मग त्याने टाहो फोडला. खोलीच्या दाराशीच मी खाली बसले.
"दुपटं नाकावर घेतलं होतं त्याने. ओढून ओढून. दोनदा बेल वाजवली, तुम्ही उघडलं नाहीत." त्यांच्या दुसऱ्या मुठीत आमची किल्ली.
हेडफोन. मला बेल ऐकूच आली नाही. ती दुपट्याची गुंडाळी त्यांनीच सुचवलेली, मीच लावलेली. आणि टीव्ही माझ्या कोपराशी होता. मी बघत नव्हते. त्या बघत होत्या.
डॉक्टरांकडे नेऊन आणला. सगळं ठीक. माझं ठीक नाही.

३० जाने., बुध
वर गेले. हातात डबा, आईंनी गाजरहलवा दिलेला. त्यात माफी होती, बोलून कोणी दाखवली नाही.
काकूंची आतली खोली. पाळणा अगदी आमच्यासारखाच, त्याच दुकानातला असणार. शेजारी स्टुलावर टीव्ही, चालू. त्यात आमची खोली. सम्या झोपलेला, आणि आई पाळण्याजवळ बसून लंगोटांच्या घड्या घालतायत. इतक्या वरून आई किती थकलेल्या दिसतात. मी हे कधी बघितलंच नव्हतं.
काकूंनी लपवलं नाही. आवाजही चढला-उतरला नाही. "जाताना सामान जास्त झालं त्यांचं. विमानवाले एक किलो जास्त घेत नाहीत. मग हे यंत्र काढून ठेवलं. तिकडे गेल्यावर दुसरं घेऊ म्हणाले. घर लावण्यात राहूनच गेलं."
मी म्हटलं, काकू, यंत्र असतं तरी... डॉक्टरही सांगू शकत नाहीत ना.
"ते मला सगळ्यांनी सांगितलंय."
बोलता बोलता त्यांचा हात दोरीवर. पाळणा हलायला लागला. मला राहवलं नाही. म्हटलं, रिकामा पाळणा हलवत नाहीत ना, काकू?
त्यांनी माझ्याकडे बघितलं, खरंच न कळल्यासारखं. "रिकामा कुठे आहे?" आणि टीव्हीकडे बोट केलं. "हा काय."
सम्या कुशीवर वळत होता. काकूंनी झोका हळू केला. तो स्थिरावला तसा थांबवला.
झबलं पाळण्याच्या कठड्यावर, इस्त्री करून ठेवलेलं. मी त्याच्याकडे बघितलं. मी बघितलेलं त्यांनी बघितलं.
निघताना म्हणाल्या, "एक मागते. आठवा महिना संपेपर्यंत बंद करू नका ते. मग काढून टाका, मी काही म्हणणार नाही."
किल्ली खिळ्याला लटकत होती. मागायला तोंड उघडलं आणि "येते" म्हटलं.

३ फेब्रु., रवि
मि.ला सगळं सांगितलं. हसला नाही. "ते आत्ताच्या आत्ता काढ. डिजिटल पाठवतो. आणि किल्ली घे आधी परत. बाई आजारी आहे अगं, कळत नाहीये का तुला?"
म्हटलं, त्या आजारी बाईमुळे तुझा मुलगा आज आहे.
"आणि तिच्याचमुळे उद्या काही झालं तर?"
तो आठ हजार मैलांवरून बोलतोय, पण चूक बोलत नाहीये. फोन ठेवल्यावर आईंना विचारलं, तुम्ही सांगा. त्या म्हणाल्या, "मी दुपारची पेंगते पोरी. खोटं काहून बोलू? गोळ्यांनी झोप येते. ती पेंगत नाही." मग जरा वेळाने, "पण मला भेव वाटते तिचं."
भीती वाटते असं आई म्हणाल्या. आमच्या आई.
पाळणाघरं बघितली. एकात सात पोरं आणि एक टीव्ही. दुसऱ्यात एक वर्षाखालचं घेत नाहीत. नोकरी सोडायचा विषय मी माझ्याशीच काढला आणि माझ्याशीच भांडले. सोडायची नाहीये मला. ते लिहिलेलं बरं.

९ फेब्रु., शनि
डिजिटल आला, परत कोणाच्या तरी बॅगेतून. चित्र रंगीत. खटके नाहीत, शेजारपाजार नाही, फक्त सम्या. आईंच्या खुर्चीसमोर लावून दिला. जुना काढून खोक्यात भरायचा होता. कॅमेऱ्याची पिन धरली आणि आठवा महिना आठवला. मार्चच्या मध्यावर संपतो.
नव्याच्या शेजारीच जुनाही ठेवलाय. एका पाळण्यावर दोन कॅमेरे. मि.ला काय सांगायचं ते नंतर बघू.

११ फेब्रु., सोम, सकाळी
कॅब यायचीय. सम्याला पाजलं, पिवळं झबलं घातलं, पाळण्यात ठेवलं. आई खुर्चीत, गोळ्या घेतलेल्या.
निघताना काय वाटलं कोण जाणे. जुन्या कॅमेऱ्यासमोर उभी राहिले आणि स्पष्ट म्हटलं, "काकू, मी निघते. संध्याकाळी येते. लक्ष ठेवा."
स्वतःचंच हसू आलं. मग टीव्हीवर बी लावला. वरचा पाळणा हलत होता. बघता बघता थांबला. एक हात कॅमेऱ्याकडे आला, मोठा मोठा होत गेला, आणि चित्र गेलं. नुसत्या मुंग्या.
म्हणजे त्यांनी त्यांचा कॅमेरा काढला. का? समाधान झालं म्हणून? आता त्यांना आम्ही दिसतो. आम्हाला त्या नाही.
हॉर्न वाजतोय.

तोच दिवस, संध्याकाळी
ऑफिसातून चारदा फोन केला. चारही वेळा आई, "झोपलाय. खेळतोय. प्यायला. झोपलाय." हायसं वाटलं. दुपारी जेवले. लोकांशी हसून बोलले. टेबलावर माझा कप होता तसाच.
घरी आले. आई दारातच, चेहरा मोकळा. "काहीच त्रास नाही दिला. गुणाचा आहे."
आत गेले. सम्या पाळण्यात जागा, छताकडे बघून हसत होता. अंगात निळ्या काठाचं झबलं. कडक इस्त्रीचं, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारं, एक बाही लांब असलेलं.
"हे कोणी घातलं?"
आई चष्मा लावून जवळ आल्या. "तूच नाही का घालून गेली सकाळी?"
पिवळं कठड्यावर होतं. नीट चौकोनी घडी.
आईंना विचारलं, दुपारी डोळा लागला होता? "जरासा." कोणी आलं होतं? "बेल नाही वाजली." नवं यंत्र समोरच चालू होतं, रंगीत, स्वच्छ. त्यात सगळं दिसलं असेल. बघायला कोणी जागं नव्हतं.
सम्याला उघडा करून पायापासून डोक्यापर्यंत बघितला. कुठे ओरखडा नाही. लंगोटसुद्धा बदललेला, माझ्यापेक्षा चापूनचोपून. डोक्याला तेल लावलेलं.
किल्ली मागायला जिना चढले. वरच्या दाराखालून उजेड येत होता. आत गुणगुणणं. "लक्ष ठेवा" असं मीच म्हणाले होते, माझ्याच तोंडाने. अर्ध्या जिन्यातून परत आले.
मि.चा फोन येऊन गेला. नवा मॉनिटर कसाय, असं विचारलं. म्हटलं, छान आहे.
सम्या पाजल्यावर परत त्याच झबल्यात झोपलाय. ते काढायला हवं होतं. झोप मोडेल म्हणून नाही काढलं. जुन्या कॅमेऱ्याची पिन अजून भिंतीतच आहे.
उद्याही कॅब त्याच वेळेला येणार. निघताना कॅमेऱ्यासमोर काय म्हणायचं, ते ठरलेलं नाही.